सराव वाढवू नकोस, आधी जेव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर सिंहगडाचा चढ नको वाटतो, झोप नीट लागत नाही, घरी सगळ्यांवर चिडचिड होते. आणि यावर उपाय म्हणून तू सराव वाढवायचा म्हणतेस. तो वाढवू नकोस. तुझं मन कच्चं नाही, मला वाटतं तू अर्धपोटी सायकल चालवतेस.

पहाटे साडेपाचला चहा-बिस्किटावर निघतेस. रात्रभरात यकृतातली साखर बरीच संपलेली असते आणि स्नायूंमधली, जोरात चालवलं तर, दीड-दोन तास पुरते. म्हणून गडाच्या पायथ्याच्या डोणज्यापर्यंत पाय झकास चालतात आणि निम्मा घाट चढल्यावर हात थरथरतात, रडू येतं. मेंदूला साखर कमी पडली की असंच होतं, त्यात तुझा भित्रेपणा कुठे आला?

निघताना एक केळं आणि अर्धी गूळपोळी खा. पोहे हवे असतील तर दोन तास आधी, तेल आणि शेंगदाणे कमी घालून; तेलकट अन्न पोटात रेंगाळतं आणि चढावर मळमळतं. सव्वा तासापेक्षा जास्त चालवणार असशील तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हवीत. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, चार छोट्या खजुरांत जवळपास तेवढीच. खजुराच्या बिया रात्रीच काढून दोन-दोनच्या पुड्या बटर पेपरमध्ये बांध. पुडी एका हाताने उघडता आली पाहिजे, नाहीतर चढावर खाणं राहूनच जातं. भुकेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन घास घे.

750 मिलीच्या बाटलीत चहाचे सपाट 6 चमचे साखर, पाव चमच्याहून थोडं कमी मीठ आणि अर्धं लिंबू. किती प्यायचं ते वजनकाटा सांगेल. निघताना आणि आल्यावर वजन कर. एक किलो घटलं म्हणजे तू प्यायलीस त्याहून साधारण एक लिटर घाम जास्त गेला. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. त्यात डोकं दुखून उलटी किंवा गोंधळल्यासारखं झालं, तर आणखी पाणी न पिता दवाखाना गाठ.

आल्यावर तासाभरात दोन अंडी आणि ग्लासभर दूध, म्हणजे 20 ग्रॅम प्रथिनं. गडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही तर मला उत्तम जेवण वाटतं. कर्बोदकं, प्रथिनं, मीठ, सगळं आलं.

आता मुख्य मुद्दा. वजन उतरलं की चढ सोपा जाईल म्हणून तू रात्रीचं जेवण सोडतेस. हे आजपासून बंद. खाण्यातली तूट आठवडेच्या आठवडे राहिली की शरीर इतर कामांत काटकसर करतं: पाळी लांबते, हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, मन उतरतं. पाळी तीन महिने आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडही तपासून घे. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. जेवण आणि चहा यांत तासाचं अंतर ठेव, चहामुळे लोह कमी शोषलं जातं.

रोज उठल्या उठल्या पूर्ण मिनिटभर नाडी मोज. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, असं सलग दोन-तीन दिवस दिसलं तर सुट्टी घे. तोवर स्ट्राव्हा या सायकलिंगच्या अॅपवर इतरांच्या वेळा बघू नकोस. त्यांच्या ताटात काय होतं ते तिथे दिसत नाही.

जेवण-झोप सुधारूनही दोन आठवड्यांत मन उभारी धरत नसेल तर डॉक्टरांशी बोल. जगणं नकोसं वाटलं तर मात्र एक दिवसही थांबू नकोस: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मलाही फोन कर, कितीही वाजले असोत.

चौदा दिवस नाडी, झोपेचे तास आणि रात्रीचं जेवण वहीत लिही आणि पान मला पाठव. घाटाचं त्यानंतर ठरवू.