बिघा, पांड आणि कुणाचा तरी हात

कोपरखैरण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पणजोबांच्या खरेदीखतात ‘बिघा 1 पांड 7’ असं लिहिलंय. त्याचे गुंठे किती? पांड म्हणजे काय, पांढरीशी त्याचं काही नातं आहे का? धाकट्या भावाने मोबाईलवर हिशेब केला तर जेमतेम अठरा गुंठे आले, आणि घरात तर पूर्वीपासून ‘आपला एकराचा तुकडा’ असंच म्हणतात.

घरचे बरोबर आहेत. मोबाईलने बंगालचा बिघा धरला. तो 14,400 चौरस फुटांचा, म्हणजे सव्वातेरा गुंठ्यांचा. आपल्याकडचा बिघा त्याच्या दुपटीहून मोठा. बिघा हे नाव अर्ध्या हिंदुस्थानात चालतं, पण प्रत्येक मुलखाचा बिघा वेगळा.

पांढरीचं आधी उरकू. पांढरी म्हणजे गावाची वस्तीची जागा, काळी म्हणजे कसायची जमीन. पांड हे नुसतं माप आहे. 20 काठ्या म्हणजे एक पांड, 20 पांड म्हणजे एक बिघा, 120 बिघे म्हणजे एक चावर. यात काठी चौरस धरायची असते: एक काठी लांब, एक काठी रुंद. लांबीची काठीही काठीच आणि क्षेत्राची काठीही काठीच, त्यामुळे भलेभले इथे घसरतात. बिघ्याची एक बाजू 20 काठ्या, म्हणून आत 400 चौरस काठ्या. तुमच्या खतातले झाले 27 पांड.

आता काठी किती लांब? पाच हात पाच मुठी. शिवकाळाबद्दल सभासद बखरीत हेच येतं, शिवाय हिशेबही दिलाय: हात 14 तसूंचा आणि सगळी काठी 82 तसूंची. म्हणजे पाच हातांचे 70 तसू आणि पाच मुठींचे 12. लिहिणाऱ्याला मुठीचा आकार लोकांच्या मर्जीवर सोडायचा नव्हता, हे उघड दिसतं. पण तसू तरी केवढा? तो ठरतो हातावरून आणि हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आमच्या घरात माझा हात 18 इंच भरतो, मुलाचा 19.

हा एक इंच किरकोळ वाटतो ना? करून बघा. हात 18 इंचांचा धरला तर काठी सुमारे 8.79 फूट आणि बिघा 28.4 गुंठे. हात 19 इंचांचा धरला तर बिघा 31.6 गुंठे. 20 इंचांचा धरला तर थेट 35. कोपराशी एक इंच सरकला की बांधाशी तीन-साडेतीन गुंठे सरकतात! तुमचे 27 पांड त्या हिशेबाने 38 पासून 47 गुंठ्यांपर्यंत कुठेही बसू शकतात. नुसत्या कागदावरून याहून नेमका आकडा सांगणाऱ्याला मी तरी सातबारा दाखवणार नाही.

गुंठ्याचं तसं नाही. तो इंग्रजी मोजणीच्या साखळीतून पक्का झालेला. महसुली साखळी 33 फुटांची, तिच्या 16 कड्या. साखळीला साखळी लावली की 33 बाय 33, म्हणजे 1,089 चौरस फूट: एक गुंठा. साखळी लांब आणि एक कडी रुंद पट्टी म्हणजे एक आणा, 68 चौरस फुटांना किंचित जास्त. रुपयाचे सोळा आणे तसे गुंठ्याचे सोळा. 40 गुंठ्यांचा एकर. (मोजणीची साखळी काढणाऱ्या गुंटर साहेबाच्या नावावरून ‘गुंठा’ पडला, असं कुणी ना कुणी दरवेळी सांगतंच. त्या साहेबाची साखळी 66 फुटांची, आणि कानडीतला गुंटे, तेलुगूतला गुंट यांचं काय करायचं? मला ही व्युत्पत्ती पटत नाही.) नवी मुंबईच्या पट्ट्यात तर या शब्दाने ‘गुंठामंत्री’ही जन्माला घातला. बिघ्याच्या वाट्याला तसलं भाग्य आलं नाही.

ताईंनी सोबत एका जुन्या सातबाऱ्याचा फोटोही पाठवलाय. शाई उडालीय, कोपरा उंदराने कुरतडलाय, पण क्षेत्राच्या रकान्यात ‘1-2-8’ स्वच्छ वाचता येतं. ही तारीख नव्हे. 1 एकर, 2 गुंठे, 8 आणे. म्हणजे साडेबेचाळीस गुंठे. मधल्या काळात तुकडा विकला किंवा जोडला गेला नसेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. घरचा ‘एकराचा तुकडा’ वर अडीच गुंठे राखून खरा निघाला.

नव्या उताऱ्यावर हेच क्षेत्र 0.43.00 असं दिसायला हवं: 0 हेक्टर, 43 आर, 0 चौरस मीटर. आरला गुंठा म्हणायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. आर 100 चौरस मीटरचा आणि गुंठा 101.17 चा, इतका थोडा फरक कोण बघतो! पण 43 आर म्हणजे 43 गुंठे समजलात तर अर्धा गुंठा हवेतला मोजलात. साडेपाचशे चौरस फुटांत कोपरखैरण्याला अख्खं बिऱ्हाड राहतं.

आता माझी हौस. साडेबेचाळीस गुंठ्यांना 27 पांडांनी भागून उलटा हिशेब केला. बिघा आला 31.5 गुंठे, काठी 9 फूट 3 इंच आणि हात 19 इंचांना केसभर कमी. तुमच्या पणजोबांची जमीन ज्याच्या काठीने मोजली, त्याचा हात माझ्यापेक्षा लांब होता. घरातल्या सगळ्यांचे कोपर मोजून पाहा आणि कळवा.