अल्पवयीन मुलांमधली गुन्हेगारी रोखण्यावर सरकारी संशोधक म्हणून काम करायचं आहे. अनुभव कसा असतो?

तुम्ही लिहिलंय की समाजशास्त्रात एम.ए. झालंय, परीक्षा कोणती द्यायची, पगार किती मिळतो, आणि ‘शेवटी ही मुलं वाईट संगतीनेच बिघडतात, मग त्यात संशोधन ते काय करायचं?’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी उत्तर लिहायला बसले. बाकीचं ओघात येईल.

राज्य सरकारच्या एका संस्थेत मी बरीच वर्षं संशोधन अधिकारी होते. २०१४ साली मराठवाड्यातल्या एका निरीक्षणगृहाच्या, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना चौकशी चालू असेपर्यंत ठेवतात त्या गृहाच्या, जुन्या फायली वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक मुलाच्या फाईलमध्ये परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मुलाच्या घरची-दारची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, लिहिलेला सामाजिक तपासणी अहवाल असतो. घर, उत्पन्न, शिक्षण, मित्र, व्यसन, आणि शेवटी गुन्ह्याचं कारण. त्या कारणाच्या रकान्यात फाईलमागून फाईल एकच वाक्य होतं, ‘वाईट संगत व पालकांचे दुर्लक्ष’. हस्ताक्षर बदललं तरी वाक्य बदलत नव्हतं.

एका फाईलवर मात्र मी अडले. पंधरा वर्षांचा मुलगा, मोटरसायकल चोरी. शिक्षणाच्या रकान्यात ‘सातवी नापास’. आता शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झालेला, त्यानुसार आठवीपर्यंत कुणालाही नापास करता येत नव्हतं. मुलाचं वय आणि वर्षं जुळवून पाहिली, तर तो सातवीत नापास होणं शक्यच नव्हतं. म्हणजे लिहिणाऱ्याने विचारलंच नव्हतं. गरीब घरचा, चोरीत सापडलेला, म्हणजे नापासच असणार, असं धरून रकाना भरला होता.

मी परवानगी काढली आणि त्याच्या गावी गेले. बीड जिल्ह्यातलं गाव, यापेक्षा जास्त सांगत नाही. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिकडे नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं ते उन्हाळ्यात परत. आजी होती तोवर मुलगा तिच्यापाशी राहून शाळेत जायचा. सातवीत असताना आजी गेली आणि त्या हंगामात आईवडिलांनी त्याला बरोबर नेलं.

आईने पत्र्याच्या पेटीतून एक कॅरीबॅग काढली. रेशनकार्डाची झेरॉक्स, मुकादमाचा हिशेब लिहिलेली चिठ्ठी आणि त्या मुलाचं सहावीचं प्रगतिपुस्तक. मराठी ब-१, गणित अ-२. आवड या ओळीत ‘चित्रकला’. आणि ‘सुधारणा आवश्यक’ या ओळीत बाईंनी निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘उपस्थिती’. आई म्हणाली, ‘न्हाई झाला ओ मॅडम त्यो नापास. पास झाला तरी कुणी घेईना त्याला.’

झालं होतं असं, की सलग गैरहजर म्हणून हजेरीपटावरून त्याचं नाव कमी झालं होतं. जूनमध्ये आठवीसाठी शेजारच्या गावच्या हायस्कूलमध्ये गेला, तर त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला. जुन्या शाळेने उद्या या, परवा या केलं. आईने रोजंदारी बुडवून तीन खेपा घातल्या. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलंय. पण हे त्या माउलीला सांगणार कोण? मुलगा फाट्यावरच्या गॅरेजात बसायला लागला. पुढच्या वर्षी तिथल्याच दोन पोरांबरोबर कुणाची तरी गाडी घेऊन चक्कर मारायला गेला, पेट्रोल संपलं, आणि गाडी ढकलत असताना सापडले.

संगत होती, नाही कशाला म्हणू? पण संगतीच्या आधी एक रिकामं वर्ष होतं, आणि ते फाईलमध्ये कुठेच नव्हतं.

त्यानंतर मी शाळाशाळांतून जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, आणि हजेरीपट पाहिले. एकट्या मुलाचं नाव घेऊन कधी विचारलं नाही, पूर्ण वर्गाच्या नोंदी मागायचे, कारण आपल्या चौकशीनेच गावात बोभाटा होतो. अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ते कलम ७४ आहे. शेवटची हजेरी कधी, नाव कधी कमी झालं, पोलिसांत पहिली नोंद कधी, असे तीन रकाने पाडून मी तक्ता केला. एकामागून एक फाईलमध्ये तोच क्रम दिसत गेला. आधी शाळा सुटली, मग रिकामे महिने, मग पोलीस.

वरिष्ठांनी ते सगळं प्रकरण अहवालातून काढलं. म्हणाले, ‘मॅडम, आपल्याकडे बालगुन्हेगारीवर अहवाल मागितलाय, शिक्षण विभागावर नाही.’ शिफारशींत गेलं काय, तर वस्त्यांतल्या मुलांची प्रबोधन शिबिरं आणि तुरुंगाची सहल, म्हणजे पोरांना धाक बसेल.

तुरुंग दाखवून धाक घालायचा प्रयोग अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात झाला. जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडायचे, मुलं रडायची, बघणाऱ्यांना वाटायचं सुधारली. नंतर अशा कार्यक्रमांच्या नीट चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा तुरुंगात नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केल्याचं दिसलं. शिबिरांचंही तसंच. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली सुमारे पाचशे मुलगे घेऊन त्यातल्या निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं. तीस वर्षांनी गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला. मदत मिळालेले काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत होते, आणि ज्यांना पुन्हा पुन्हा शिबिराला पाठवलं त्यांचं नुकसान जास्त झालेलं होतं.

हे मी बैठकीत मांडलं. उत्तर मिळालं, ‘अमेरिकेतलं इथे चालत नाही.’ ठीक आहे, मग इथे मोजा! शिबिराला गेलेली आणि न गेलेली मुलं दोन वर्षांनी कुठे आहेत, एवढंच बघा. तेही झालं नाही. आणि वाईट संगत हेच कारण असेल, तर बिघडायला लागलेली पोरं गोळा करून पाच दिवस एका हॉलमध्ये झोपवणं हा उपाय कसा? या प्रश्नाचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं. या विषयासाठी वेगळी अशी परीक्षा नसते. महिला व बालविकास विभागातली राजपत्रित अधिकाऱ्यांची पदं एमपीएससीतून भरली जातात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ता, समुपदेशक, डेटा ॲनालिस्ट अशी कंत्राटी पदं असतात. मानधन बेताचं, पण खऱ्या फायली तिथेच हाताळायला मिळतात, म्हणून मी सुरुवात तिथूनच करायला सांगेन. संशोधनातच राहायचं असेल तर यूजीसीची नेट परीक्षा काढा. कायम पदावर वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतो, घर चालतं.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. माझा तक्ता एका जिल्ह्याचा, आणि फक्त पकडल्या गेलेल्या मुलांचा. सुखवस्तू घरातलं पोर पोलीस ठाण्यातूनच घरी जातं, त्याची फाईल तयारच होत नाही. शाळा सुटूनही कधी गुन्ह्यात न सापडलेली मुलं माझ्या तक्त्यात नव्हती, ती घ्यायला हवी होती, आणि वरिष्ठांनी तेवढी एक त्रुटी बरोबर दाखवली होती. शिवाय मोठे गुन्हेगार लहान मुलांना मुद्दाम पुढे करतात, शहरांत तर जास्तच. तिथे संगत हे खरंच कारण असतं, आणि म्हणूनच मुलांना असं वापरणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. परिविक्षा अधिकाऱ्यालाही मी दोष देत नाही. आताच्या कायद्यात अहवालाला पंधरा दिवसांची मुदत आहे आणि त्याच्या टेबलावर एकच मुलगा नसतो.

तो तक्ता अजून माझ्याकडे आहे, मुलांची नावं काढून टाकलेला. तुमच्या जिल्ह्यात असं काम करायला मिळालं तर मला कळवा, रकाने कसे पाडायचे ते सांगते. या वेळी शाळा सुटूनही न सापडलेल्या मुलांचाही रकाना घालू.