पाहुण्यांचे वायफाय आणि दुकानाचे नेटवर्क

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. सौद्यांच्या दिवसांत शेतकरी, खरेदीदार आणि ट्रकचालक वायफायचा पासवर्ड मागतात आणि त्यांना नाही म्हणवत नाही. हिशेबाचा संगणक, पट्ट्या (शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पावत्या) छापण्याचा प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर त्याच वायफायवर असल्यामुळे मी दुसरा राउटर आणून पहिल्याला जोडला आणि पाहुण्यांना तो वापरायला दिला. एवढे पुरेसे आहे का?
— एक अडतदार, सांगली

उत्तर : पुरेसे नाही. राउटर आपल्या आतील उपकरणांना बाहेर जाऊ देतो आणि बाहेरून येणाऱ्यांना अडवतो. आपल्या जोडणीत दुसऱ्या राउटरच्या लेखी ‘बाहेर’ म्हणजे केवळ इंटरनेट नव्हे, तर वाटेत लागणारे आपल्या दुकानाचे नेटवर्कसुद्धा. त्यामुळे पाहुण्याचा मोबाइल आपल्या रेकॉर्डरपर्यंत पोहोचतो, मात्र आपल्या संगणकाला त्याचा मोबाइल दिसत नाही. संरक्षण मिळाले, पण ते पाहुण्यांना.

पडताळणी सोपी आहे. पाहुण्यांच्या वायफायवरून मोबाइलच्या ब्राउझरमध्ये रेकॉर्डरचा आयपी पत्ता (उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०) टाकून पाहावा, लॉगिनचे पान उघडले, तर नेटवर्क वेगळे झालेले नाही.

दुसरा राउटर काढून ठेवावा आणि पहिल्याच्या सेटिंगमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ आहे का ते पाहावे. असल्यास ते सुरू करून त्यातील स्थानिक नेटवर्कला प्रवेश देणारा पर्याय बंद ठेवावा, तसेच पाहुण्यांची उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशी सोय असल्यास तीही चालू करावी. मात्र हा राउटर इंटरनेट कंपनीच्या मोडेमपुढे केवळ ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पुरवणारे उपकरण) म्हणून चालत असेल, तर अनेक उपकरणांत ही सोय नावापुरतीच उरते, म्हणून वरची पडताळणी पुन्हा करावीच. गोदामापर्यंत वायफाय न्यायचे असल्यास व्हीलॅन (एकाच जोडणीवर केलेले वेगळे नेटवर्क) हाताळणारे राउटर, स्विच (केबल जोडण्याचे उपकरण) आणि ॲक्सेस पॉइंट घ्यावे लागतील. त्या वेळी एक गोष्ट तंत्रज्ञाला आवर्जून विचारावी : व्हीलॅन दोन केले तरी राउटर त्यांच्यात वाहतूक स्वतःहून चालू ठेवू शकतो, पाहुण्यांकडून दुकानाकडे येणारी वाहतूक रोखणारा फायरवॉलचा नियम त्याने घातला आहे का? काम पाहून बिल द्यावे, हे माझे वैयक्तिक मत.

जुना पासवर्ड आजवर अनेकांच्या मोबाइलमध्ये साठलेला आहे. तो बदलल्याशिवाय या सगळ्या खटपटीला अर्थ नाही. नवा पासवर्ड मालक आणि दिवाणजी यांच्यापुरताच ठेवावा, आणि दिवाणजींचा स्वतःचा मोबाइलही पाहुण्यांच्याच वायफायवर असावा, कारण त्यात कोणती ॲप आहेत हे दुकानाला ठाऊक नसते. पट्टीचा प्रिंटर मोबाइलवरून वापरत असाल, तर त्या कामापुरता एक मोबाइल दुकानाच्या वायफायवर वेगळा ठेवावा.