खेड्यातल्या शाळेत रिव्हर्स लॉजिस्टिक्स कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की, गावात कचरागाडीच येत नसताना सातवीच्या मुलांना रिव्हर्स लॉजिस्टिक्स (म्हणजे वापरून झालेली वस्तू किंवा तिचं वेष्टण गिऱ्हाइकाकडून परत दुकानदार-उत्पादकाकडे नेण्याची व्यवस्था) आणि पर्यावरण एकत्र कसं शिकवायचं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवतो. गाडी आमच्याकडेही येत नाही, म्हणूनच हा विषय इथे चांगला कळतो.

मी सुरुवात गॅसपासून केली. सिलिंडरची गाडी भरलेलं देते आणि रिकामं घेऊनच जाते. का? मुलांनी लगेच सांगितलं, डिपॉझिट भरलेलं असतं आणि टाकी पुन्हा भरता येते. शिवाय गाडीला तसंही परत जायचंच असतं. मग त्याच तालुक्यातून आलेली कीटकनाशकाची बाटली शेताच्या धुऱ्यावरच (बांधावर) का पडून राहते? वर्गात पहिल्यांदा शांतता झाली ती इथे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, बाटल्या मुलांना गोळा करायला लावू नका. २०१७ च्या फवारणीत आमच्या जिल्ह्यात विषबाधेने माणसं गेली. मुलांनी फक्त घरी विचारून नोंद करायची. एका मुलीने लिहून आणलं होतं, 'धुऱ्यावर तीन, गोठ्यात एक. गोठ्यातल्या बाटलीत बैलबंडीचं वंगण.' त्या एका ओळीवर आम्ही दोन तास बोललो. नंतर पालकसभेत कास्तकारांना सांगितलं: बाटली रिकामी झाली की तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग तिला भोक पाडा, म्हणजे ती घरात पुन्हा वापरली जाणार नाही.

चिप्सच्या पाकिटांचा धडा छोटा आहे. भंगारवाला ती घेत नाही, कारण प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, वेगळे करणं परवडत नाही. बारदाना मात्र सगळेच घेतात. हा फरक मुलांकडूनच काढून घ्या.

२०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी वेष्टणाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावरही टाकली आहे, हे मुलांना जरूर सांगा. नाहीतर 'कचरा करू नका' एवढंच त्यांच्या डोक्यात राहतं आणि सगळा दोष आईबापाच्या माथी बसतो. आमच्या मुलांनी हा नियम लिहून, रिकाम्या बाटल्या परत घ्याल का, असं एका कृषी केंद्राला पत्रातून विचारलं. दुकानदार म्हणाले, वरून कोणी घेत नाही, मी ठेवू कुठे? आता दुसरं पत्र बाटलीवर छापलेल्या कंपनीच्या पत्त्यावर गेलंय. पत्ता मुलांनीच, लेबलचा फोटो मोठा करून, वाचून काढला.