क्लबच्या राईडला मी मागे पडलो तर?

प्रश्न : ताई, मी पुण्याचा, वय ६४. सहा महिन्यांसाठी मुलाकडे मेलबर्नला आलोय. नोकरीची निम्मी वर्षं सायकलवरच गेली, पण गिअरची सायकल कधी चालवलेली नाही. इथल्या एका सायकल क्लबची यारा नदीकाठाने दिवसभराची 'सोशल राईड' आहे, फेअरफील्डहून वेस्टरफोल्ड्स पार्क आणि परत. सूनबाई म्हणते, जाच. मला वाटतं, मी मागे पडलो तर सगळ्यांचा खोळंबा होईल. आणि वाटेत पंक्चर झालं तर?
— एक वाचक, इव्हान्हो

उत्तर : सूनबाईंचं ऐका. 'सोशल' म्हणून जाहीर केलेली राईड मागच्या माणसाच्या चालीने चालते. पुढे लीडर असतो आणि सगळ्यांत शेवटी एक जण मुद्दाम नेमलेला असतो, त्याला इथे टेल-एंड चार्ली म्हणतात. आमच्या क्लबात हे काम बहुतेकदा माझ्या गळ्यात पडतं आणि मी ते आनंदाने घेते, कारण खऱ्या गप्पा मागेच रंगतात. वळण आलं की लीडरच्या पाठोपाठचा सायकलवाला तिथे थांबतो, येणाऱ्या प्रत्येकाला हाताने वाट दाखवतो आणि चार्ली दिसला की मगच निघतो. म्हणून पुढची मंडळी दिसेनाशी झाली तरी घाबरायचं नाही. फाट्यावर कुणी उभं नसेल तर सरळ जायचं. फक्त मध्येच सोडून घरी जाणार असाल तर चार्लीला सांगून जा. न सांगता गेलात तर आम्ही तुम्हाला शोधत बसतो.

खोळंब्यापेक्षा तुमच्या पुणेरी सवयींची मला जास्त काळजी वाटते! हा रस्ता चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा सामाईक आहे. डावी बाजू सोडायची नाही, चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, मागून जाताना लांबूनच एकदा घंटी वाजवायची. एकदाच. घंटी सायकलला असणं इथे कायद्यानेच बंधनकारक आहे. हेल्मेटचंही तसंच. व्हिक्टोरियात ते १ जुलै १९९० पासून सक्तीचं आहे, तेव्हा टोपीवर भागणार नाही. थांबायचं झालं तर सायकल उचलून गवतात न्यायची. वाटेच्या मधोमध घोळका करून उभे राहणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, आणि त्यात आमच्या क्लबातलेही आले.

वाट बहुतांशी सपाट आहे. पुराचं पाणी पसरणाऱ्या जमिनीवर घरं बांधता येत नाहीत, म्हणून शहराच्या पोटातून इतका लांब हिरवा पट्टा शिल्लक राहिला. सायकलींना तो आयता मिळाला. मात्र जोरदार पाऊस झाला की पुलांखालचे तुकडे पाण्यात जातात. पाणी ओसरल्यावर त्यावर चिखलाचा गुळगुळीत थर राहतो, तिथे ब्रेक दाबू नका. यारा नेहमीच गढूळ दिसते. तिच्यात बारीक चिकणमाती तरंगत असते, त्यावरून नदीची पारख करू नका. हायडेलबर्गच्या पुढे हाइडी कलासंग्रहालय लागतं, झाडांमधून तिथली शिल्पं दिसतात. वेस्टरफोल्ड्सला मोकळ्या गवतात कांगारू चरताना दिसण्याची बरीच शक्यता आहे. नातवंडांना आधी कबूल करू नका, एवढंच.

गिअरचं सांगते. नदीकाठ सोडून पुलावर चढताना छोटे पण खडे चढ येतात. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका. पायावर जोर आल्यावर टाकायला गेलात की साखळी कडकडते, क्वचित उतरतेही. आदल्या दिवशी घराजवळच्या बागेत गिअर वरखाली करून बघा. आणि उतरून ढकलत नेलीत तर कुणी वळूनही पाहणार नाही.

पंक्चरवाला इथे नाक्यावर बसलेला नसतो, पण प्रत्येक राईडला दोन-तीन जण हौसेने ते काम करणारे असतात. तुम्ही फक्त स्वतःच्या मापाची नवी ट्यूब न्या. मुलाच्या सायकलच्या टायरच्या कडेवर आकडे कोरलेले असतात, त्यांचा फोटो काढून दुकानात दाखवा. व्हॉल्व्हही बघा. बारीक उंच, पितळी टोकाचा असेल तर प्रेस्टा, मोटारीसारखा जाड असेल तर श्रेडर. इथे ठिगळ लावत बसत नाहीत, ट्यूब बदलतात आणि पाच-दहा मिनिटांत पुढे निघतात.

डब्यात दशम्या आणि दाण्याची चटणी न्या. कॉफीचा थांबा असतोच, तिथे ज्याचे पैसे त्याने द्यायचे, 'आज माझ्याकडून' असा आग्रह धरला तर लोक अवघडतात. दशम्या मात्र वाटा. आणि अगदीच दमलात तर परतीच्या वाटेवर हायडेलबर्ग स्टेशन आहे. मेट्रोच्या गाडीत सायकलला वेगळं भाडं नाही. फक्त पहिल्या डब्याच्या पहिल्या दारातून चढू नका, ती जागा चाकांच्या खुर्चीसाठी असते. ट्रॅममध्ये आपली नेहमीची सायकल घेत नाहीत.

प्रश्न : आम्ही पॉइंट कुकला राहतो. सगळ्या राईड्स पूर्वेकडेच का? आणि मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपावतात हे खरं का?
— एक वाचक, पॉइंट कुक

उत्तर : तुमच्या दारातच स्केलेटन क्रीकची वाट आहे, तिच्यावरून खाडीपर्यंत जाता येतं. जवळच फेडरेशन ट्रेलही आहे. ती शहराचं मैलापाणी नेणाऱ्या जुन्या मुख्य नाल्याच्या कडेने जाते, पण नाक धरायची गरज नाही, तो आता वारसा म्हणून जपलेला आहे. पश्चिमेला चढ नाहीत, वारा आहे. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो पाठीवर येईल.

मॅगपायचं खरं आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर अंडी-पिल्लांचे दिवस, नर घरट्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. बरेच जण हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचून साळिंदरासारखे फिरतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. मी खाली उतरते आणि सायकल ढकलत निघून जाते. हेल्मेट मात्र काढत नाही.