वाचकांचे प्रश्न : जागा हाती आली, डाव मात्र बरोबरीत

प्रश्न : रविवारच्या रॅपिड (कमी वेळाच्या) बुद्धिबळ स्पर्धांत मी पांढऱ्याने रुई लोपेझ ही सुरुवात खेळतो. प्यादं डी५ या घरावर रोवलं की काळ्याची कोंडी होते. मग मी ए-पट्टी (पटाची डावीकडची उभी रांग) उघडतो, पण हत्तींची मारामारी म्हणजे अदलाबदल होऊन डाव बरोबरीत सुटतो. घाईने प्यादं एफ४ वर ढकललं तर हरतोच. कुठे चुकतं? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पट्टी जरूर उघडा, पण हत्तींची मारामारी होऊ देऊ नका. काळ्याकडे मोहरे भरपूर आणि घरं कमी, हीच त्याची अडचण. प्रत्येक अदलाबदलीत तुम्ही त्याला मोकळा श्वास देता.

१९७४ च्या नीस ऑलिंपियाडमधला कार्पोव्ह-उनत्सिकर डाव पटावर मांडून बघा; कार्पोव्ह पांढऱ्याकडून खेळत होता. रचना तुमचीच आहे : पांढऱ्याची प्यादी बी४, डी५, ई४ वर; काळ्याची बी५, सी४, डी६, ई५ वर. ए-पट्टी उघडी, पांढऱ्याचा हत्ती ए२ वर, काळ्याचा ए८ वर. इथे बहुतेक जण हत्तीने हत्ती मारतील. कार्पोव्हने २४ व्या खेळीला ई३ वरचा उंट ए७ वर नेऊन ठेवला! तो मारला तर काळ्याला उंटाच्या बदल्यात हत्ती द्यावा लागतो. नाही मारला तर पट्टी त्याच्यापुरती बंद. उंटाच्या आडोशाने पांढऱ्याने दुसरा हत्ती निवांत ए१ वर आणला. उंट कधी बाजूला होईल या धास्तीने काळ्याचे मोहरे तिथेच बांधले गेले. तो उंट शेवटपर्यंत ए७ वरून हलला नाही.

एफ४ आलं ते त्यानंतर, ३० व्या खेळीला. तुम्ही हरता कारण काळा ई-प्याद्याने एफ४ मारतो आणि ई५ चं घर त्याच्या घोड्याला आयतं मिळतं. तेव्हा आधी ई५ वर किती मोहऱ्यांचा ताबा आहे ते मोजा. काळ्याची स्वतःची एफ५ ही खेळीही रोखलेली हवी. जी३ वरचा घोडा आणि सी२ किंवा बी१ वरचा उंट हे काम चोख करतात. कार्पोव्हने लगेच एफ५ करून प्यादं पुढे रेटलं, काळ्याने जी५ केलं आणि जी६, एच५ ही पांढरी घरं उघडी पडली.

मारामारी टाळायची, पण एक सोडून. ती घरं सांभाळणारा काळ्याचा उंट एफ७ वर होता. पांढऱ्याने आपला उंट एच५ वर आणून नेमकी तीच अदलाबदल केली. मग वजीर एच५ वरून जी६ वर, घोडा एच५ वर, आणि ४४ व्या खेळीला काळ्याने डाव सोडला.

सरावासाठी २४ व्या खेळीनंतरची स्थिती मांडा आणि मित्राबरोबर प्रत्येकी १५ मिनिटं अधिक दर खेळीला १० सेकंद अशा वेळेवर खेळा. निदान दोनदा काळ्याकडून बसा. पांढऱ्याने घाई केली नाही की काळ्याला साधी खेळी शोधतानाही किती वेळ जातो, ते घड्याळावरच दिसेल.