'टिल फ्रायडे' का 'बाय फ्रायडे'? सगळी भानगड आपल्या 'पर्यंत'ची आहे

एका भावाचा प्रश्न आलाय. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. बाहेरच्या देशातल्या कस्टमरला त्यानं मेल टाकला, 'वुई विल डिस्पॅच द कास्टिंग्ज टिल फ्रायडे', तर तिकडून उलट विचारणा की शुक्रवारनंतर पाठवायचं बंद करणार का? साहेबांनी 'टिल' खोडून 'बाय' केलं पण का ते काय सांगितलं नाही. आता हा विचारतोय, दादा, दोन्हीचा अर्थ 'पर्यंत'च ना, मग बिघडलं कुठं?

भावा, दोन्हीचा अर्थ 'पर्यंत'च, आणि बिघडलंय पण तिथंच. शाळेत आपल्याला 'टिल म्हणजे पर्यंत' एवढंच पाठ करायला लावतात आणि आपण आयुष्यभर तेच धरून बसतो. आता मराठीतली ही दोन वाक्यं बघ. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत मी पुण्यात आहे'. पहिल्यात काम एकदाच होणार, शुक्रवार संपायच्या आधी कधीतरी. दुसऱ्यात एक गोष्ट आत्ता चालू आहे, ती शुक्रवारपर्यंत तशीच चालू राहणार आणि मग संपणार. 'पर्यंत' दोन्हीकडं तोच. संस्कृतातला 'पर्यंत' म्हणजे परि आणि अंत, म्हणजे कड, हद्द. तो फक्त रेघ मारून देतो, काम रेघेपर्यंत चालत राहिलं का रेघेच्या अलीकडं एकदाच उरकलं हे आपण क्रियापदावरून आणि एकूण बोलण्यावरून ओळखतो, आणि इतकं सहज ओळखतो की तिथं दोन अर्थ आहेत हे आपल्या लक्षातसुद्धा येत नाही. इंग्रजीत मात्र ते आधीच सांगावं लागतं, चालत राहणार असेल तर टिल किंवा अनटिल, रेघेच्या अलीकडं एकदा उरकणार असेल तर बाय. त्यामुळं कस्टमरनं काय वाकडं विचारलं नाही, त्यानं जे वाचलं ते असं होतं की शुक्रवारपर्यंत आम्ही पाठवत राहू.

आणि ह्यात इंग्रजी कच्चं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. हिंदीतला 'तक' असाच दोन्हीकडं चालतो, जर्मन भाषेतला 'बिस' पण तसाच, त्यामुळं जर्मन लोकं इंग्रजी शिकताना हीच चूक करतात.

ओळखायचं कसं, तर मराठी वाक्यात 'राहणे' घालून बघायचं. 'शुक्रवारपर्यंत पाठवत राहू' हेच म्हणायचं असेल तर टिल. 'शुक्रवारपर्यंत पाठवून टाकू' म्हणायचं असेल तर बाय. मला तरी हा उपाय कधी फसलेला आठवत नाही. आणि बाय फ्रायडेमध्ये शुक्रवार धरलेला असतो बरं का, बिफोर फ्रायडे लिहिलंस तर गुरुवारीच गाडी भरायला लागेल.

पूर्ण वाक्य जोडायचं असेल तरी हाच फरक. 'मी स्टँडवर पोचेपर्यंत बस थांबली' आणि 'मी स्टँडवर पोचेपर्यंत बस गेली'. आपलं 'पोचेपर्यंत' जसंच्या तसं, पण बस थांबून राहिली म्हणून पहिलं 'द बस वेटेड अनटिल आय रीच्ड', आणि दुसरं 'बाय द टाइम आय रीच्ड, द बस हॅड लेफ्ट'. दुसऱ्यात अनटिल घातलं तर अर्थच लागत नाही.

आता विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण ह्याच्यात आपल्याकडची भलीभली माणसं अडकतात. 'जोपर्यंत पाणी ओसरत नाही तोपर्यंत हायवे बंद राहील' ह्याचं आपण करतो 'अनटिल द वॉटर डझन्ट गो डाउन'. चूक. मराठीत जोपर्यंतच्या पोटात 'नाही' लागतं कारण आपण तो मधला सगळा काळ सांगतो, पाणी ओसरत नसलेला. इंग्रजी अनटिल मात्र संपायचा क्षण दाखवतं, पाणी ओसरलं तो क्षण, मग तिथं नाही कशाला? उपाय परत मराठीतच आहे, आधी वाक्य 'पाणी ओसरेपर्यंत' असं फिरवून घ्यायचं, त्यात 'नाही' नसतंच. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता ते सांगायचं तर 'द हायवे वॉज क्लोज्ड अनटिल द वॉटर वेंट डाउन', बस एवढंच.

पाण्याचंच निघालंय तर, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांपर्यंत आली की धोका पातळी, ते 'पर्यंत' आणखी वेगळं. तिथं टिलही नाही आणि बायही नाही, नुसतं 'टू' किंवा 'अप टू'. रंकाळ्यापर्यंत चालत गेलो हे पण तसंच, 'ॲज फार ॲज रंकाळा'. जागेला आणि मापाला टिल लावायची आपली सवय आहे, ती सोडलेली बरी.

टिल आणि अनटिल ह्यात अर्थाचा फरक नाही, अनटिल जरा लिखाणातलं वाटतं एवढंच. पण टिल हे अनटिलचं शॉर्ट आहे असं बरेच जण समजतात आणि म्हणून पुढं वर स्वल्पविराम देऊन एकच एल लिहितात, तर तसं काय नाही, टिल हाच जुना शब्द आहे आणि अनटिल त्याला पुढं जोड लावून नंतर झालेला. लिहिताना टिलला दोन एल, अनटिलला एक.

शेवटचं तुझ्या कामाचं. 'शुक्रवारपर्यंत माल निघणार नाही' हे इंग्रजीत सांभाळून लिही. 'वुई वोन्ट डिस्पॅच अनटिल फ्रायडे' म्हणजे आधी नाही, शुक्रवारी निघेल. 'वुई वोन्ट बी एबल टू डिस्पॅच बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार चुकणार, त्याच्या पुढं जाणार. एक वाचून कस्टमर शुक्रवारी गाडीची वाट बघेल, दुसरं वाचून पुढची तारीख विचारेल. अशा वेळी मी तर दोन्ही शब्द टाळून सरळ 'वुई विल डिस्पॅच ऑन मंडे' असा वार घालूनच लिहितो.